पलीकडच्या पेव्हमेंटवरून दिसलेलं घर

कुंदे, तुझा रविवारचा वॉक काल मी घेतला. हो, मीच. पहिल्या मजल्यावर जायचं म्हटलं तरी जी आधी लिफ्ट शोधते, ती मंदा. हसतेस ना? हस. तुला जाऊन तीन आठवडेसुद्धा झालेले नाहीत, आणि मी काही वेडपटपणा केला की तू हसणार हे मला अजून गृहीतच वाटतं.

पण मी लिहायला बसले ते स्वतःचं कौतुक सांगायला नाही. प्रिचर्डांच्या घराचा निकाल लागला. ते घर खरंच जुनं, की जुनेपणाचा नुसता आव आणणारं, यावरून आपण इतकी वर्षं भांडलो, आणि आता निकाल लागलाय तर तो तुलाच माहीत नाही! असं कधी झालंय का? या गावात कुणाच्या छपरावरचं कौल सरकलं तरी आधी तुला कळायचं. म्हणून सगळं नीट पहिल्यापासून सांगते. आणि कृपा करून मध्ये बोलू नकोस.

आधी एक जुनी गोष्ट, जी तुला सांगायची राहिली. जुनी घरं दाखवायच्या त्या वॉकमध्ये गाइड म्हणून तू पुढे असायचीस, मी शेपूट. पिवळं जॅकेट घालून सगळ्यांच्या मागे चालायचं, रस्ता ओलांडताना कुणी मागे राहत नाही ना ते बघायचं, आणि दार आलं की सगळे आत गेल्यावर आपण जायचं. तुला वाटायचं मी मागे राहून कंटाळत असेन. अगं, खरी मजा मागेच! गाइडच्या तोंडावर सगळे ‘लव्हली, लव्हली’ म्हणतात. मनातलं बोलतात ते शेपटाजवळ. आणि लोकांना नवल वाटणारच ना. इंग्लंडच्या या पश्चिम टोकाला, वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या गावात, त्यांची घरं त्यांनाच कोण दाखवतंय, तर हॉस्पिटलच्या एक्स-रेमधून रिटायर झालेली कुंदा. मागे फार्मसीतून रिटायर झालेली मंदा. हॉस्पिटलमध्ये अर्ध्या लोकांना आपण बहिणी वाटायचो आणि उरलेल्यांना एकच बाई.

तर एकदा लंडनहून आलेल्या एका गृहस्थांनी मागे हळूच विचारलं, “ही गाइड मूळची कुठली?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या काठीवाल्या मिसेस हॉजेस फटकन म्हणाल्या, “एक्स-रेमधली. माझे दोन्ही गुडघे तिनंच काढलेत.” विषय संपला. मी तुला हे सांगितलं नाही, कारण तू आधीच त्या वॉकवर शेफारली होतीस. आता वाटतं, सांगायला हवं होतं. तुला फार आवडलं असतं.

तुझी सुरुवात ठरलेली होती. मार्केट हॉलच्या दगडी खांबांमध्ये सगळ्यांना गोळा करायचं आणि दम भरायचा, “दुकानं बघू नका. मान वर करा.” आणि खरंच, खाली मोबाइलचं दुकान, चॅरिटी शॉप, कॉफी, आणि त्याच भिंतीवर नजर जरा वर नेली की चार-पाचशे वर्षांपूर्वीची लाकडं. मोबाइलच्या दुकानावर खाटकाचे लोखंडी आकडे अजून आहेत, हे इथे जन्मलेल्या लोकांना तू दाखवलंस. मग ती अरुंद गल्ली, जिथे दोन्ही बाजूंचे वरचे मजले पुढे येऊन कुजबुजणाऱ्या जावांसारखी डोकी जुळवतात. मग त्या पबची भिंत. तुळयांवर खरवडलेले रोमन आकडे तू बोटानं दाखवायचीस. सुतार घराचा सगळा सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवायचे, सांध्यासांध्यावर आकडे घालायचे, मग सुटा करून गाडीतून आणून जागेवर उभा करायचे. “फ्लॅटपॅक,” तू म्हणायचीस, “आणि एखादा तुकडा उलटा बसलेला असणारच, बघा शोधून.” लोक खरंच शोधायला लागायचे.

आणि तुझं ते ‘कशावरून?’ बाकीचे गाइड बिनधास्त सांगतात की ही तुळई मोडलेल्या जहाजाची आहे. तू सगळ्यांसमोर विचारायचीस, “कशावरून? समुद्र कुठाय इथे?” आणि स्वतःला माहीत नसेल तिथे छातीठोकपणे “आय डोंट नो” म्हणायचीस. पैसे न देता का होईना, पण लोक गाइडकडे ऐकायला आलेत, आणि ही बाई ‘मला माहीत नाही’ सांगतेय! मला लाज वाटायची सुरुवातीला. पुढे लक्षात आलं की लोक त्या ‘डोंट नो’पाशीच जास्त रेंगाळतात. मीसुद्धा.

एका घराबाबत मात्र तू कधी ‘डोंट नो’ म्हटलं नाहीस. चर्चच्या मागच्या गल्लीतलं प्रिचर्डांचं ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घर. तू पलीकडच्या पेव्हमेंटवर सगळ्यांना उभं करायचीस आणि म्हणायचीस, “हे घर थाप मारतंय.” कारणं तोंडपाठ. पट्टे फार सरळ. खऱ्या घरात सांध्यांत ठोकतात तशा लाकडी खुंट्या कुठेच नाहीत. कोपऱ्यातली फळी सुटली होती, त्यातून आतली वीट दिसत होती. साधं विटांचं घर, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात जुनं दिसायची फॅशन आली तेव्हा त्यावर ठोकलेल्या फळ्या. “फिल्मवर हाडांसारखं दिसतंय, पण हाडं नाहीत.” लोक हसायचे. वर्षं गेली तसं ते वाक्य गावाचं झालं. आमचा पोस्टमनसुद्धा त्या घराला ‘कुंदाज फिबर’ म्हणतो, कुंदाचं थापाडं घर.

मला ते कधीच पटलं नाही. वॉक संपला की नदीकाठच्या बाकावर बसून फॉइलमधल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना आपली दर वेळी तीच जुगलबंदी.

“छप्पर बघ ना,” मी म्हणायचे. “घर समोरून ताठ आणि छप्पर मधेच बसलेलं. म्हाताऱ्यानं नवा सूट घातला म्हणून पाठीचं पोक लपतं का?”

“पोक आहे म्हणून माणूस म्हाताराच असं नसतं, मंदे. मी पुष्कळ पाठी पाहिल्यात.”

“बाहेरून पाहिल्यास का त्या? आत डोकावायचीस ना मशीन लावून?”

“पुरी खा.”

माझ्याकडे पुरावा काही नव्हता, कबूल. पण तुझ्याकडेही पेव्हमेंटवरून दिसलं तेवढंच होतं, आणि आत जायचं म्हटलं की तू गोगलगाय.

एकदा तुझं ते थापेचं वाक्य पुरं व्हायला आणि प्रिचर्डसाहेब कुत्र्याला घेऊन दाराबाहेर पडायला एकच गाठ पडली. सगळा ग्रुप चपापला. त्यांनी टोपी जराशी उचलली आणि म्हणाले, “यू मस्ट कम इन सम टाइम अँड हॅव अ लुक.” तू म्हणालीस, “हाऊ काइंड,” आणि तरातरा पुढच्या कोपऱ्यावर. नंतर ख्रिसमसच्या बाजारात म्हणाले, नंतर डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये म्हणाले. दर वेळी तुझं आपलं ‘हाऊ काइंड’.

“अगं, बोलावतायत तर जा की!” मी बाकावर ओरडले होते.

“बोलावत नाहीयेत ते. चिडलेत. इंग्रज माणूस ‘मस्ट’ म्हणाला की समजायचं, येऊ नका.”

हे तू कुठून शिकलीस ते मला माहीत होतं. या देशात आल्यावर पहिल्याच वर्षी डिपार्टमेंटमधल्या मार्गारेटनं तुला म्हटलं, एकदा चहाला यायलाच हवं हं. आणि तू पुढच्या शनिवारी इस्त्रीची साडी नेसून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन तिच्या दारात! ती बिचारी केसांना कर्लर लावून, ड्रेसिंग गाउनमध्ये. तिनं तुला किचनमध्ये उभ्या उभ्या चहा दिला आणि डबा दोन बोटांनी धरला. तू ही गोष्ट पार्ट्यांमध्ये रंगवून सांगायचीस, नकलेसकट, आणि लोक लोटपोट व्हायचे. पण त्या दिवशी बसमध्ये तू रडली होतीस. ते तू फक्त मला सांगितलंस. आपल्याकडे ‘या एकदा’ म्हटलं की माणूस येतो, आणि आला की पोळ्या वाढवायच्या, एवढंच आपल्याला ठाऊक. त्या शनिवारनंतर तू ठरवलंस की पुन्हा असं हसं करून घ्यायचं नाही. आणि ते तू शेवटपर्यंत पाळलंस, अगदी नको तिथेसुद्धा.

तुला शेवटचा निरोप दिल्यावर आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो. चहा, सँडविचेस, आणि निखिलनं स्लाऊहून आणलेले बटाटेवडे. लेकानं एवढ्या लांबून वडे आणले, कुंदे, आणि चटणी घरी विसरला. तुझाच मुलगा. प्रिचर्डसाहेब काळा टाय लावून कोपऱ्यात उभे, हातातल्या नॅपकिनवर वडा, कुठून चावावा या विवंचनेत. मी जवळ गेले.

“मी तिला आत बोलावलं होतं,” ते एकदम म्हणाले. “बऱ्याचदा. ती आली नाही. मला वाटलं, तिला मी आवडत नाही.”

“तिला वाटायचं तुम्ही रागावलात. तुमच्या घराला ती दर रविवारी थापाडं म्हणायची ना.”

“रागावलो? मी खिडकी थोडी उघडी ठेवायचो तिचं ऐकायला. माझी बायको गेल्यापासून त्या घराबद्दल कुणी एवढं बोललेलं नाही.” मग म्हणाले, “शी वॉज सो व्हेरी निअरली राइट.”

निअरली! माझे कान टवकारले. प्रसंग काय, मी काय करतेय, पण टवकारले. आणि त्याच वेळी इतका संताप आला म्हणून सांगू. “मग दिवस का नाही सांगितलात?” मी म्हटलं. “‘गुरुवारी चारला या’ म्हणाला असतात तर ती पावणेचारला दारात असती.”

ते वड्याकडे बघत म्हणाले, “तिला भरीस घालणं मला बरं वाटेना.”

तुम्हा दोघांना बकोटीला धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला. ते इंग्रज, म्हणून त्यांनी आग्रह केला नाही. आणि तू त्यांच्याहून इंग्रज झालेली, म्हणून गेली नाहीस. दोघं एका गल्लीच्या दोन बाजूंना उभे राहून वर्षानुवर्षं एकमेकांना सभ्यपणा दाखवत राहिलात. मी तिथल्या तिथे विचारलं, “मी कधी येऊ?” ते म्हणाले, परवा. आणि मी गेले.

आता ऐक. फळ्या खोट्या आहेत. तुझं बरोबर. फळीच्या मागे वीट आहे, तेही बरोबर. पण जिन्याच्या वळणावर एक कपाट आहे, तिथे ओल आली म्हणून त्यांनी मागे कधीतरी प्लास्टर फोडून घेतलं होतं. कपाटाचं दार उघडून त्यांनी टॉर्च मारला, आणि विटेच्या आतल्या अंगाला, कुंदे, ओकचा खांब. माझ्या मांडीएवढा जाड, म्हणजे बघ केवढा ते. राखाडी पडलेला, लाकडी खुंट्यांसकट. आणि सांध्यावर खरवडलेला आकडा. म्हणजे आधी खरं लाकडी घर. मग लाकूड जुनाट दिसायला लागलं म्हणून कुणीतरी त्याला विटांचा अंगरखा घातला. मग वीट पुरेशी जुनी दिसेना म्हणून पुढच्या कुणीतरी विटेवर खोटी लाकडं ठोकली. खऱ्यावर वीट आणि विटेवर खोटं! मी एकटीच खुदखुदायला लागले. तू दोन थर बरोबर ओळखलेस. तिसरा आत होता.

तेवढ्यावर मी थांबते होय? ते म्हणाले वर माळ्यावरही बघण्यासारखं आहे, पण शिडी आहे. गुडघा बोंबलत होता, तरी चढले. छपराच्या वाशांवर टॉर्च टाकला तर सगळे काळे कुळकुळीत. रंगानं काळे झालेले नव्हते. तूच शिकवलंस ना, धुराडी यायच्या आधी घराच्या मधोमध शेकोटी पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा, म्हणून असा काळा वासा दिसला की समजायचं घर फार जुनं. मी बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली गं! कुणाच्या तरी कितीतरी पिढ्यांपूर्वीच्या जेवणाची काजळी, माझ्या बोटावर. त्यांनी काय शिजवलं असेल? धुरानं त्यांचे डोळे चुरचुरत नसतील? असे शंभर प्रश्न एकदम डोक्यात, आणि मी माळ्यावरून मोठ्यांदा ओरडले, “कुंदे, काजळी!”

खालून प्रिचर्डसाहेबांचा आवाज आला, “सॉरी?”

मी तिथेच वाशाला टेकून बसले. मग रडले. अंत्यविधीत एवढी रडले नव्हते. इतकी वर्षं जिंकायचं होतं मला, आणि जिंकले तेव्हा समोर कोण, तर माळ्यावरची पाण्याची टाकी. शिडीवरून उतरताना साहेबांनी हात दिला, मग किटली लावली. माणूस चांगला आहे. तुमचं जमलं असतं.

निखिलला फोन करून सांगितलं. त्यानंच मला वॉक घ्यायची गळ घातली होती. तो म्हणाला, “मावशी, आईचा स्टोरी तसाच ठेव ना. लोकांना तोच माहिती आहे. फर्स्ट वॉकमध्येच तू सांगणार, शी वॉज राँग?”

त्याच्यावर ओरडले मी. तुझ्या आईला खोटं सांभाळून ठेवलेलं चालेल का, वगैरे. पण फोन ठेवल्यावर माझंच मन डळमळलं. तो काही चुकीचं बोलला नव्हता. या गावात तुझं उरलंय काय? नावाची पाटी नाही, नाव कोरलेला बाक नाही. आहे ते एक वाक्य, पोस्टमनच्या तोंडी बसलेलं, आणि ते पुसायचं कुणी, तर मी. पुढे लोक म्हणणार, ती कुंदा, जिचं त्या घराबाबत चुकलं होतं. शनिवारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. तुझी बाजू घेऊन स्वतःशी भांडले. मग स्वतःची बाजू घेऊन तुझ्याशी. दोन्हीकडून शेवटी तूच विचारायचीस, ‘कशावरून?’ आणि माझ्या बोटाला लागली होती काजळी.

रविवारी माणसं आली, नेहमीपेक्षा पुष्कळ. निखिलला पिवळं जॅकेट घालून शेपूट केलं होतं, पण त्याला ते काम येत नाही, सारखा पुढे पुढे येत होता. मार्केट हॉलपाशी माझा आवाज फाटला. पबच्या भिंतीशी मी चुकीची तुळई दाखवली. आणि चर्चच्या मागच्या गल्लीत सगळे आपणहून पलीकडच्या पेव्हमेंटवर जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून आधीच हसायला लागले. काय येणार ते त्यांना पाठ होतं.

मी म्हटलं, “माझी मैत्रीण इथे सांगायची की हे घर थाप मारतंय. फळ्यांबद्दल तिचं बरोबर होतं. विटांबद्दलही बरोबर होतं. पण विटांच्या आत खरं घर आहे, आणि ते या गल्लीतल्या सगळ्या घरांहून जुनं असावं. तिचं चुकलं.” आणि पुढचे शब्द माझे मलाच ठाऊक नव्हते, ते असे आले: “हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला असता. तिनं आज मला आणखी शंभर प्रश्न विचारले असते, आणि मला एकाचंही उत्तर आलं नसतं.”

कुणी हसलं नाही. मिसेस हॉजेसनी काठी आपटली. “चुकलं कसलं? तिला आत कुणी घेतलंच नाही!”

समोरचं दार उघडंच होतं. प्रिचर्डसाहेब उंबऱ्यात आले. सूट घातला होता. “मी बोलावलं होतं,” ते म्हणाले. “पण मी नीट बोलावलं नाही.” मग सगळ्यांकडे बघून, जरा मोठ्यानं, जणू पाठ करून ठेवलं असावं असं म्हणाले, “आत्ता या. सगळे. प्लीज.”

एकेक जण रस्ता ओलांडून आत जायला लागला. निखिल सगळ्यांच्या आधी घुसला, त्याला तो खांब बघायचा होता. मिसेस हॉजेसना दोघांनी हात धरून पायरी चढवली. आतून ‘ओह’ आणि ‘माय गॉड’ ऐकू यायला लागलं. मी सवयीनं सगळ्यांना पुढे घातलं आणि पायरीवर एकटी उरले. साहेब दार धरून उभे होते.

“इज दॅट एव्हरीवन?” त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून हो निघेना. मी मागे वळून गल्लीच्या त्या टोकापर्यंत बघितलं, चांगलं निवांत बघितलं. ते थांबले. घाई केली नाही.

“नाही,” मी म्हटलं. “पण लावा आता दार. थंडी आत येतेय.”